पाडकामापासून ताब्यापर्यंत: इमारतीच्या कामावर माणसं कशी सांभाळायची

२९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत कोसळली. भिंतीच्या पायथ्याशी शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. लहान मुलांसह १५ जण गेले. त्या वेळी कोणी कामावर नव्हतं, सगळे झोपले होते. हेल्मेट, बेल्ट, बूट यांतलं काहीही तिथे उपयोगी पडलं नसतं. उंच भिंत, तिच्या पलीकडे भरलेली माती, तोंडावर आलेला पाऊस आणि मधोमध माणसांची वस्ती, हा धोका खोल्या कुठे टाकायच्या हे ठरलं त्या दिवशीच तयार झाला होता.

मी वीस वर्षांहून जास्त काळ साइटवर आहे, त्यातली बरीच सुरक्षा अधिकारी म्हणून. अपघात घडतो एका दिवशी, पण त्याची तयारी बऱ्याच आधी कुठल्यातरी टेबलावर झालेली असते आणि एका एजन्सीकडून दुसरीकडे काम जाताना ती कोणाच्या नजरेला पडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. उदाहरण घेतलं आहे आज पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली दिसणारं: जुनी चार मजली सोसायटी पाडून तिथे बारा-चौदा मजली इमारत. वाचणारे सोसायटीच्या कमिटीतले असोत, नवे साइट इंजिनिअर असोत किंवा छोटे कॉन्ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या वाट्याचं काम यात आहे.

पहिली बैठक: कमिटीने काय मागायचं

पुनर्विकासाची प्रक्रिया सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन आदेशाप्रमाणे चालते, हे बहुतेक कमिट्यांना पाठ असतं. चर्चा होते ती कार्पेट एरिया, भाडं आणि कॉर्पस (सोसायटीला मिळणारा एकरकमी निधी) यांची. विकसन करारात मजुरांच्या सुरक्षेचं कलम घाला असं म्हणणारा सभासद क्वचितच भेटतो. पण जमीन सोसायटीची आहे आणि करारावर सही करण्याआधीच्या काळात तिच्या शब्दाला जे वजन असतं ते पुढे राहत नाही. सहीआधी तीन गोष्टी लिहून घ्या. मजुरांची राहण्याची जागा कुठे असेल, हे नकाशावर दाखवायचं. सुरक्षेसाठी नेमलेल्या माणसाचं नाव आणि काम थांबवण्याचा त्याचा अधिकार लेखी हवा. दर महिन्याला कमिटीतल्या दोघांनी साइटवर फेरी मारायची आणि तिची नोंद ठेवायची.

याच टप्प्यावर जागेची माहिती गोळा करा. जुन्या इमारतीचे आरसीसी नकाशे, जमिनीखालच्या वीज आणि गॅसच्या लाइन, ड्रेनेज, बुजवलेली विहीर, शेजारच्या भिंतीचा पाया किती खोल आहे हे सगळं त्यात यावं. जुन्या वाड्यांच्या जागांवर बुजवलेल्या विहिरी हमखास निघतात. तिथे तीस-चाळीस वर्षं राहिलेल्या एखाद्या आजोबांना ती जागा बोटाने दाखवता येते. घरं रिकामी झाल्यावर आजोबा कुठल्या उपनगरात भाड्याने गेले ते शोधत बसावं लागतं, म्हणून आधीच विचारा.

नकाशावर असतानाच

आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर साइटवर कमी येतात, पण मजुराचा जीव वाचवण्याची सर्वांत स्वस्त संधी त्यांच्याकडे असते. एक साधी गोष्ट बघा. डक्टसाठी, म्हणजे पाइप वर-खाली नेण्याच्या पोकळीसाठी, स्लॅबमध्ये भोक सोडायचं असतं. तिथल्या सळया तोडून टाकण्याऐवजी पातळ सळयांची जाळी आरपार ठेवली आणि पाइप टाकायच्या दिवशी कापली, तर मधले सहा-आठ महिने त्या भोकातून माणूस खाली जाऊ शकत नाही. खर्च काही किलो सळईचा, पण तो ड्रॉइंगवर दाखवलेला असावा लागतो.

जिना प्रत्येक स्लॅबबरोबरच ओतला जाईल असं नियोजन करा, म्हणजे माणसं शिडीने किंवा प्रॉपवरून (स्लॅबखालच्या लोखंडी टेकूवरून) चढत नाहीत. एसीचं बाहेरचं युनिट खिडकीतून हात घालून दुरुस्त करता येईल अशा ठिकाणी द्या. कडेवर उभं राहून काम करणारा एसीचा मेकॅनिक हाही या इमारतीवरचा कामगारच आहे, फक्त तो पाच वर्षांनी येणार आहे. गच्चीवरच्या टाकीला भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पायऱ्यांऐवजी कठडा असलेला जिना द्या. रंगाऱ्यांच्या दोरासाठी गच्चीच्या बीममध्ये हूक आधीच ओतून घ्या.

निविदा: सुरक्षेला स्वतंत्र ओळ

‘कंत्राटदाराने सुरक्षेची सर्व व्यवस्था स्वखर्चाने करावी’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निविदेत असतं आणि माझ्या मते तेच घातक आहे. कमी दराने काम घेतलेला माणूस पैसे कुठून वाचवणार? सळई मोजली जाते, काँक्रीटचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) तपासले जातात, जाळी मात्र कोणी मोजत नाही. त्यामुळे सेफ्टी नेट चौरस मीटरमध्ये, कडेचं रेलिंग रनिंग मीटरमध्ये, संडास-बाथरूम नगावर, सुरक्षा अधिकारी महिन्यावर अशा बाबी अंदाजपत्रकात वेगळ्या लिहा. मोजमाप घ्या, बिल द्या. लावलं नाही तर पैसे नाहीत. दंड लावण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी परिणामकारक वाटला आहे, कारण दंड चुकवण्यासाठी माणसं अपघात लपवतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. केंद्र सरकारने ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. बांधकामावर २५० किंवा जास्त कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी नेमणं तिच्यानुसार बंधनकारक आहे. लहान साइटवर कायदा ते पद मागत नाही, पण धोका तितकाच असतो. तिथे अर्धवेळ का होईना, एक प्रशिक्षित माणूस नेमा. मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवसांचं बांधकामावरचं काम ही अट आहे. ९० दिवसांचा दाखला मालक किंवा ठेकेदार द्यायला टाळतात आणि मजूर हक्काच्या मदतीला मुकतो. दाखला द्यायला एक कागद आणि एक सही लागते.

वस्ती आधी, काम मागाहून

साइटवर पहिली वस्तू यायला हवी ती जेसीबी नव्हे, संडास. मजुरांच्या खोल्या कोणत्याही भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरावर, खोदाईच्या कडेपासून लांब आणि क्रेनच्या फिरत्या हाताखाली येणार नाहीत अशा ठिकाणी हव्यात. जागा नसेल तर बाहेर भाड्याने घ्या. शहरातल्या पुनर्विकासात जागा नसतेच, म्हणून हा खर्च निविदेत आधी धरलेला हवा.

२४ ऑक्टोबर २०२४ ला भोसरीत मजुरांच्या वस्तीतली पाण्याची टाकी फुटून ५ मजूर मरण पावले. आपण टाकीकडे सोय म्हणून बघतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. दहा हजार लिटरची तात्पुरती टाकी बांधायची तर तिचंही डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या आणि आंघोळीची जागा टाकीच्या खाली ठेवू नका.

बायका कामावर असतील तर पाळणाघर करा. साइटवर मूल मोकळं फिरत असेल, तर त्याच्या आईचं लक्ष घमेल्यावर नसतं. पुण्यात बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं आणि वर्ग चालवणाऱ्या संस्था आहेत. त्यांना एक खोली, पाणी आणि वीज दिली तर त्या बाकीचं सांभाळतात.

पाडकाम

आधी वीज, गॅस आणि पाणी बंद झाल्याचं त्या-त्या कंपनीकडून आणि पालिकेकडून लेखी घ्या. इमारत ज्या क्रमाने चढली त्याच्या उलट क्रमाने उतरवायची: गच्चीवरून खाली, एकेक मजला. राडारोडा स्लॅबवर साठवू नका. फोडलेल्या भिंतींच्या ढिगाने खालचा स्लॅब बसतो आणि मग एकामागून एक मजले खाली येतात. गॅलऱ्यांना पाडण्याआधी खालून टेकू द्या, कारण मागचं वजन काढलं की त्या पुढे कलंडतात. पार्किंगच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू नका. पाणी मारून ओले करा, बोल्ट काढून अख्खे उतरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून धोकादायक कचरा म्हणून वेगळे पाठवा.

पाडकामाचा ठेकेदार निघून जातो आणि खोदाईचा येतो, त्या दिवशी दोघांना एकत्र उभं करून जागेवर फिरवा. उघडी राहिलेली सेप्टिक टाकी, अर्धवट उभी भिंत, आधार काढून घेतलेली शेजाऱ्याची सीमाभिंत, हे सगळं जाणारा जाणतो आणि येणाऱ्याला ठाऊक नसतं. प्रत्येक एजन्सी बदलताना हीच फेरी करा आणि दोघांच्या सह्या घ्या.

खोदाई

पुण्याच्या बाजूला वर काळी माती, मग मुरूम, मग कातळ. काळी माती उन्हाळ्यात भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि त्यामुळे फसवते. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते, सुटते आणि धसते. एक घनमीटर माती साधारण पावणेदोन टनांची असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही छातीवर आलेल्या दाबाने गुदमरू शकतो.

दीड मीटरपेक्षा खोल चराला उतार द्या किंवा शोअरिंग करा, म्हणजे बाजूंना फळ्या आणि टेकूंचा आधार द्या. काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतलं जे जास्त असेल तितकी लांब टाका. ट्रान्झिट मिक्सर कडेला आणू नका. उतरायला शिडी हवी आणि ती वर साधारण एक मीटर निघालेली हवी. दररोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर कड बघायची. कडेला समांतर केसासारखी भेग दिसली की खालची माणसं आधी बाहेर, चर्चा नंतर. शेजारच्या भिंतीवर काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवा आणि त्यावर तारीख लिहा. काच तडकली तर भिंत हलते आहे.

स्लॅबमागून स्लॅब

पंधरा-वीस दिवसांचं चक्र वर्षभर फिरत राहतं आणि सवयीने नजर मरते, म्हणून या टप्प्याला मी सर्वांत जास्त वेळ देतो.

सेंट्रिंगपासून, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या साच्यापासून आणि टेकूंपासून, सुरू करू. १५० मिलिमीटर जाडीच्या ओल्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो भरतं. दोनशे चौरस मीटरचा स्लॅब म्हणजे ७५ टन, वर माणसं, पंपाची पाइपलाइन आणि तिचे धक्के वेगळे. हे सगळं काही तास फक्त टेकूंवर असतं. भरावाच्या दिवशी सकाळी मी स्वतः खाली वाकून फिरतो. प्रॉप ओळंब्यात आहेत का? खाली विटांचे तुकडे आहेत की सलग फळी? पिनेच्या जागी सळईचा तुकडा तर नाही? आडवे-तिरपे बांध आहेत का? खालच्या दोन मजल्यांचे टेकू तसेच आहेत ना? फेरी झाली की तपासणीचं कार्ड भरायचं आणि त्याशिवाय पंप सुरू होत नाही. काँक्रीट पडत असताना स्लॅबखाली फक्त टेकूंवर नजर ठेवणारा सेंट्रिंगवाला, तोही बाहेरच्या बाजूने. बाकी कोणी नाही.

सळईचंही वजन विसरू नका. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री पुण्यात येरवड्याला एका कामावर सळयांची जाळी कोसळून ५ मजूर गेले. जाड राफ्टमध्ये (इमारतीखालच्या सलग पायाच्या स्लॅबमध्ये) सळयांच्या वरच्या थराला आधार देणाऱ्या खुर्च्यांचं अंतर आणि जाडी फिटरच्या अंदाजावर सोडायची नसते, ती ड्रॉइंगमध्ये यायला हवी. आणि रात्रपाळीत असं काम घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

टेकू कधी काढायचे यावर दर साइटवर भांडण होतं, कारण पुढच्या मजल्यासाठी सामान हवं असतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आकडे दिले आहेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि त्यापुढे २१ दिवस. हे आकडे मुकादमाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. सामान कमी पडत असेल तर आणखी एक सेट भाड्याने आणा.

आता उंची. बांधकामावर सर्वाधिक माणसं जातात ती पडून. स्लॅबच्या कडेला सेंट्रिंग निघताक्षणी रेलिंग लागलं पाहिजे. लिफ्टच्या डक्टला प्रत्येक मजल्यावर दार आणि आत जाळी हवी. उघड्या भोकावर नुसतं प्लायवूड ठेवणं फार वाईट. गरज पडली म्हणून कोणीतरी ते उचलतो, छातीशी धरून पुढे चालतो आणि समोरच्या भोकात जातो. प्लाय खिळ्यांनी ठोका आणि त्यावर लाल रंगात हिंदीत लिहा: ‘नीचे गड्ढा है’.

सेफ्टी बेल्टबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. बेल्टची दोरी साधारण १.८ मीटर, झटका शोषणारा पट्टा उलगडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, त्यात माणसाच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतची उंची. पायाजवळ हूक अडकवला असेल तर खाली सहा मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणारा माणूस बेल्ट घालूनही जमिनीवर आपटतो. तिथे रेलिंग आणि जाळीच हवी. वर काम करतानाही हूक डोक्याच्या वर अडकवायचा आणि तो कशाला अडकवायचा ती जागा तुम्ही दाखवायची. जागा न देता ‘बेल्ट का लावला नाही’ असं मजुराला ओरडणं अन्यायाचं आहे. बेल्टला लटकलेल्या माणसाला लवकरात लवकर उतरवावं लागतं, नाहीतर पायांत रक्त साकळून तो दगावू शकतो. उतरवायचं कसं, याचा सराव आधी करा.

परांची, म्हणजे मजुरांच्या भाषेत पहाड, इमारतीला बांधलेली हवी, खिडकीच्या चौकटीला नव्हे. फळ्या सलग, दोन्ही टोकांना बांधलेल्या. तपासलेल्या परांचीला हिरवा टॅग, बाकीच्यांना लाल. पाऊस किंवा वादळ झालं की सगळे टॅग लाल करायचे आणि पुन्हा तपासायचं.

होइस्ट (सामान वर नेणारा पाळणा) आणि तात्पुरत्या लिफ्टबद्दल १० सप्टेंबर २०२३ ची ठाण्यातली बाळकुमची दुर्घटना लक्षात ठेवा. उंच इमारतीच्या गच्चीवरचं काम उरकून खाली येणाऱ्या मजुरांची लिफ्ट कोसळली, ७ जण गेले. वायर रोप, ब्रेक आणि वेग वाढला की लिफ्ट थांबवणारा ओव्हरस्पीड गव्हर्नर यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून ठरल्या तारखेला करून घ्या. किती माणसं बसणार ते दारावर लिहा. सामानाच्या होइस्टमध्ये माणूस बसता कामा नये.

रोज सकाळची दहा मिनिटं

काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, टूलबॉक्स टॉक नावाखाली, इंजिनिअर भाषण देतो आणि मजूर माना डोलावतात. त्यात वेळ घालवू नका, प्रश्न विचारा. ‘आज तुम लोग जहाँ काम करोगे, वहाँ क्या गिर सकता है?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. सेंट्रिंगवाला तुम्हाला अशा तीन गोष्टी सांगेल ज्या तुम्ही पाहिल्याच नव्हत्या. माणसं बिहार, बंगाल, तेलंगण, मराठवाडा अशी कुठून कुठून येतात. ज्याला हिंदी नीट समजत नाही त्याच्यासाठी त्याच्याच गावचा एक जण शेजारी उभा करा. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आलेल्या माणसाला त्याच दिवशी वर चढवू नका. पहिले तीन दिवस त्याला वेगळ्या रंगाचं हेल्मेट द्या आणि खालीच काम द्या.

एका साइटवर एका बिगाऱ्याने मला सांगितलं की नवव्या मजल्यावरून आदल्या दिवशी प्रॉपची पिन पडली, कोणाला लागली नाही. मी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. पुढच्या आठवड्यात अशा अकरा गोष्टी माझ्यापर्यंत आल्या. सांगणाऱ्याची हजेरी कापली जाणार नाही अशी खात्री पटल्यावरच माणसं बोलतात.

वीज, धूळ, ऊन, डास

प्रत्येक तात्पुरत्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि त्याचं टेस्टचं बटण दर सोमवारी दाबून बघा. वायर पाण्यातून न नेता खांबांवरून न्या. व्हायब्रेटर आणि कटर थ्री-पिन टॉपशिवाय चालवू देऊ नका. सॉकेटमध्ये काडीने खोचलेली उघडी तार दिसली तर मशीन नव्हे, बोर्ड बंद करा.

दगड, टाइल्स आणि काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिने फुप्फुसं कायमची कडक होतात आणि ते कळतं दहा-वीस वर्षांनी, माणूस गावी गेल्यावर. पाणी सोडून कापा, चांगला मास्क द्या. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवत नाही. ओलं सिमेंट कातडी जाळतं. बुटात काँक्रीट गेलं तर लगेच भरपूर पाण्याने पाय धुवायचे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये, विदर्भात तर विशेषच, दुपारी बारा ते चार उघड्या स्लॅबवरचं काम बंद ठेवा, सकाळी सहाला सुरू करा. क्युरिंगसाठी स्लॅबवर पाणी साठवण्याच्या आळ्यांत, लिफ्टच्या खड्ड्यात आणि रिकाम्या ड्रममध्ये डास होतात. आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी उपसून कोरडं करा.

फिनिशिंग आणि टाक्या

इमारत उभी राहिली की सगळे सैल होतात. नेमकं तेव्हाच एका वेळी दहा एजन्सी आत असतात आणि रेलिंग काढून ठेवलेलं असतं.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं सेंट्रिंग काढायला माणूस उतरतो. बंद जागेत ओलं लाकूड कुजून प्राणवायू संपलेला असतो. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वॉटरप्रूफिंगच्या रसायनांच्या वाफांनीही असंच होतं. झाकण उघडून आत हवा मारत ठेवा, मीटरने प्राणवायू मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. विषारी आणि पेटणारे वायू नाहीत याचीही खात्री करा. उतरणाऱ्याच्या अंगाला हार्नेस आणि दोर, वर तिकाटणं आणि एक माणूस, जो कोणत्याही परिस्थितीत स्वतः आत जाणार नाही. १०८ ला फोन करायचा तो ॲम्ब्युलन्स कोणत्या गेटला येईल हे सांगत. त्यासाठी गेटचा पत्ता आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव प्रत्येक मजल्यावर लिहून ठेवा.

ताबा देताना

चाव्यांबरोबर एक फाइल द्या. प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेचे आरसीसी आणि प्लंबिंगचे नकाशे, गच्चीवर आणि पोडियमवर किती वजन चालेल, जमिनीखालच्या लाइन कुठून जातात, टाक्या साफ करताना हवा कुठून सोडायची, काच कशी पुसायची, दोराचे हूक कुठे आहेत आणि ते शेवटचे कधी तपासले, हे सगळं मराठीत लिहिलेलं हवं. एक प्रत सेक्रेटरीकडे, एक वॉचमनच्या केबिनमध्ये. सात-आठ वर्षांनी इमारतीला रंग द्यायचा असेल आणि झुल्याला दोर बांधायला दोन पोरं गच्चीवर येतील, तेव्हा आधी ती फाइल उघडून हूक कोणते ते त्यांना दाखवा, नाहीतर ती पोरं दोर डिशच्या खांबाला बांधतील.